मावशींच्या खुर्चीचा अर्ज

मुद्दाम केलंय हो हे! कुणीतरी बसून, ठरवून, अगदी मुद्दाम! नाहीतर मला सांगा, विचारायचं काम एकच, त्याला इंग्रजीत इतकी क्रियापदं कशाला? माझा प्रश्न तरी केवढा? आमच्या कचेरीच्या दारावर राखण करणाऱ्या मावशी आठ-आठ तास उभ्या का? पायांच्या शिरा दोरखंडासारख्या सुजल्यात, आणि शेजारी पाहुण्यांच्या चार खुर्च्या रिकाम्या! गोम आहे, तुम्हाला सांगते, गोम आहे!

अर्ज इंग्रजीतच लागतो. मी सरळ 'आस्क' लिहिलं. आवक-जावकवाले काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाळ, आस्क घरी. इथं 'रिक्वेस्ट' लिहायचं." लिहिलं! दोन महिने हूं नाही की चूं नाही. का? तर म्हणे रिक्वेस्टचा खण वेगळा, साहेबांना सवड झाली की उघडतो. सवड! मग 'डिमांड' लिहू? काका खुर्चीसकट मागे सरकले, "अगं, त्यानं नोकरी जाते!" बरं, 'क्वेश्चन'? "साहेबांवर संशय घेतेस?" घेतेच! पण तो एका शब्दावरून यांना कसा कळतो?... गोम आहे!

शेवटी काकाच कुजबुजले, "'इन्क्वायर' लिही. भारदस्त आहे." लिहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी धावपळ! म्हटलं, जिंकले... कसलं काय! आमच्याकडे अर्ज कुणी वाचतच नाही हो, नुसतं क्रियापद बघून टेबल ठरतं! इन्क्वायर दिसलं की कागद थेट चौकशी समितीकडे. समितीला चौकशीला माणूस हवा. अर्जात नाव कुणाचं? मावशींचं! झालं... मावशींचीच चौकशी! कामावर कधी बसलात? किती वेळ? कुणाच्या सांगण्यावरून?

तीन तास! मी बाहेर येरझाऱ्या घालतेय, माझ्या एका शब्दापायी बाईंची नोकरी जाणार... कोशात बघितलं, तर याला म्हणे 'इंटरॉगेट' म्हणतात. म्हणजे छळायलासुद्धा वेगळं क्रियापद तयार! आणि तुम्ही म्हणता गोम नाही?

दार उघडलं तशी मी धावले. "मावशी, चुकलं माझं! काय केलं हो त्यांनी?"

मावशी एकदम टवटवीत! म्हणाल्या, "अगं पोरी, बसवून विचारतात. गादीची खुर्ची आहे आत. महिनाभर चालेल म्हणाले... लवकर संपवू नका, असा एक अर्ज लिहून दे ना."