स्टिअरिंग फेल झाले नव्हते

जबाब
दि. ११/०२/२०२५

माझे नाव आत्माराम कृष्णाजी चुरी, वय ६७ वर्षे, धंदा केळी व फुलांची बागायत, रा. उमराळे, ता. वसई, जि. पालघर.

मी आज पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी लतिका व मुलगी जागृती, वय ३१, यांच्यासह राहतो. जागृतीचा वालीव येथे गाळा आहे. तेथे ती गाड्यांचे स्टिअरिंग, सस्पेन्शन व चाकांचे अलाइनमेंट एवढेच काम करते. इंजिनाला ती हात लावत नाही. इंजिनवाले वालीवमध्ये पुष्कळ आहेत, आणि गाडी एका बाजूला ओढते किंवा वळणावर घाबरवते अशी तक्रार असली की तेच इंजिनवाले गाडी हिच्याकडे पाठवतात. मी बाप आहे म्हणून सांगत नाही, असे म्हणणार होतो. पण मी बाप आहे म्हणूनच सांगतो आहे, तसे लिहावे.

यातील लाल रंगाची दोन सीटची स्पोर्ट्स कार, सन १९९९ चे मॉडेल, ही रॉबर्ट तुस्कानो, रा. नायगाव, यांच्या मालकीची आहे. ते जहाजावरील नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी गाडी गाळ्यावर आणली तेव्हा मी तेथे हजर होतो. स्टिअरिंग आज फिरवले तर गाडी उद्या वळते, अशी त्यांची तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी मुंबईहून एक लहान, जाड गादीचे रेसचे स्टिअरिंग व्हील विकत आणले होते व तेच बसवून द्या असा त्यांचा हट्ट होता. जागृतीने ते व्हील फळीवर ठेवले आणि म्हणाली, "अंकल, आधी ढिलाई काढू, मग हौस."

ढिलाई म्हणजे काय असे साहेबांनी विचारले असता सांगतो की, कोयत्याची मूठ ढिली असली की घाव आपण मारतो एकीकडे व बसतो दुसरीकडे, तसे. स्टिअरिंगचा दांडा ज्या रबरांत बसतो ती रबरे पंचवीस वर्षांत वाळून भुगा झाली होती. चाकाला जोडणारे सांधेही झिजले होते. पुढचे दोन टायर एका जातीचे व मागचे दोन दुसऱ्या जातीचे होते. तिने रबरे व सांधे नवे घातले, शॉकअब्सॉर्बर बदलले, चारही टायर एका जातीचे केले. सर्व भाग मूळ मापाचे आहेत. गाडीत बेकायदेशीर फेरफार केलेला नाही, पाहिजे तर तपासणी अधिकाऱ्यांनी खाली झोपून पाहावे.

अलाइनमेंट करताना सीटवर नेहमीच्या माणसांएवढे वजन लागते, कारण माणसे बसली की गाडी दबते व चाकांचा कोन बदलतो. रॉबर्ट यांना त्यांचे वजन विचारले, ते त्यांनी सांगितले. त्यांच्या पत्नीचे वजन विचारले असता, ते विचारण्याची हिंमत आपल्यात नाही असे ते म्हणाले. अंदाजाने माझ्याएवढे असावे असे ठरले. त्यामुळे एका सीटवर शेणखताच्या गोणी व दुसऱ्या सीटवर मी, अशी जुळणी पूर्ण झाली. बसण्याचे काम मी चोख केले.

दि. ९ रोजी रविवारी सकाळी गाडी रस्त्यावर पाहण्यासाठी जागृती व मी वालीवहून चिंचोटीमार्गे कामणकडे निघालो. ती गाडी चालवत होती, मी डावीकडे बसलो होतो. दोघांनीही पट्टे बांधले होते. रॉबर्ट हे चर्चमध्ये मिसाला गेले होते व परत येऊन गाडी ताब्यात घेणार होते.

कामणच्या अलीकडे वळणावर डाव्या हाताला गोदामाचे फाटक आहे. त्या फाटकातून यातील तक्रारदार जितेंद्र हे चालवत असलेला टेम्पो न थांबता बाहेर आला व आम्हाला पाहून आमच्याच रस्त्यात आडवा उभा राहिला. समोरून एक स्कूटर येत होती. त्यावर एक माणूस, मागे बाई व तिच्या मांडीवर मूल होते. टेम्पोचे तोंड व स्कूटर यांच्यामध्ये जी जागा होती तेवढीच जागा होती. जागृतीने स्टिअरिंग एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे फिरवले. गाडी त्या जागेतून बाहेर पडली. टायर ओरडले नाहीत, गाडी घसरली नाही. स्कूटर सरळ निघून गेली. आपल्या जवळून काय गेले हे त्यांना बहुधा कळलेही नसेल.

त्यानंतर जितेंद्र यांनी घाबरून टेम्पो डावीकडे वळवला व तो मोरीच्या कठड्यावर चढला. त्यात त्यांच्या क्लीनरचे मनगट मोडले. आम्ही लगेच थांबून त्याला उतरवले व दवाखान्यात पोहोचवले. काल त्याच्या घरी जाऊन विचारपूस केली. आमच्या गाडीचा टेम्पोला स्पर्शही झालेला नाही.

गाडीचा वेग किती होता असे विचारले असता सांगतो की, मी काट्याकडे पाहत नव्हतो, त्यामुळे आकडा सांगू शकत नाही. वेग जास्त वाटला असता तर मी ओरडलो असतो. घरात सर्वांना माझी ती सवय माहीत आहे.

जितेंद्र यांच्या तक्रारीत, कार नागमोडी चालत होती, तिचे स्टिअरिंग फेल झाले होते, असे लिहिले असल्याचे मला सांगण्यात आले. त्याबाबत सांगतो की, काल संध्याकाळी जितेंद्र आमच्या घरी आले होते. ते म्हणाले, "काका, जुनी गाडी आहे, कोण विचारतंय? स्टिअरिंग गेलं असं तुम्ही पण लिहून द्या. मी कंप्लेंट मागे घेतो, तुमच्या मुलीवर काही येणार नाही. विषय एंड." माझ्या पत्नीने त्यांना चहा दिला. माणूस वाईट नाही, तोही अडचणीत आहे. पण मी नाही म्हणालो.

स्टिअरिंग ठीक होते असे सांगितले तर मुलीवर निष्काळजीपणाने गाडी चालवल्याची केस उभी राहू शकते, हे मला साहेबांनी दोन वेळा समजावून सांगितले. ते मला समजले आहे. पण स्टिअरिंग फेल झाले असे लिहिले तर केस जाईल व तिचा गाळाही जाईल. जिच्या हाताखालून निघालेल्या गाडीचे स्टिअरिंग फेल होते, तिच्याकडे उद्या कोण गाडी घेऊन येईल? काल जितेंद्र गेल्यावर मी तिला विचारले. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला जे दिसलं तेच सांगा. माझ्याकडे बघून सांगू नका." मग मी रात्री चांगला झोपलो.

तरी मी असे सांगतो की, सदर कारचे स्टिअरिंग फेल झाले नव्हते. ते त्या दिवशी जितके बरोबर होते तितके नवीन गाडीचेही मी पाहिलेले नाही. ते बरोबर नसते तर आज जबाब द्यायला मी नसतो व ते मूलही नसते. गाडी दुरुस्त करणारी व ती चालवणारी व्यक्ती एकच आहे. ती माझी मुलगी आहे. मला तिचा फार अभिमान आहे. शेवटचे वाक्य तपासाच्या कामाचे नाही असे साहेब म्हणाले, तरी माझ्या विनंतीवरून ते राहू दिले आहे.

हा जबाब मी सांगितला तसा संगणकावर लिहिला असून मला मराठीत वाचून दाखवला. स्टिअरिंगचा भाग मी दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने वाचायला सांगितला, कारण माझी मुलगी बाहेर बाकावर बसली आहे. तो साहेबांनी मोठ्याने वाचला. तो बरोबर आहे.

समक्ष सही/-
आत्माराम कृष्णाजी चुरी