साखरेवरची रेघ

चहात साखर कमी पडली म्हणालात ना, त्यावरून आठवलं. माझ्या कादंबरीतली सासू डब्यातल्या साखरेवर बोटानं रेघ ओढून ठेवते. सुनेनं चिमूटभर जरी घेतली तरी कळलं पाहिजे! पुस्तक आलं तेव्हा आमच्या सासूबाईंना मी छातीठोकपणे सांगितलं, "ती बाई मुखेडकडची आहे. तुमचा काही संबंध नाही." त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, मिटलं.

पुढं नेमकी मुखेडलाच माझी प्रकट मुलाखत ठरली. सासूबाई हट्टानं सोबत आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. संध्याकाळ चांगली रंगली होती, तेवढ्यात मागून एक बाई उठली. "मॅडम, ती रेघवाली माझीच सासू हाय. तुम्हाला कुणी सांगितलं हो?"

माझा जीव भांड्यात पडला. आयता पुरावाच मिळाला की! मी ऐटीत सासूबाईंकडं बघितलं.

त्या उठल्या, सरळ मंचावर आल्या, माझ्या हातातला माईक घेतला आणि त्या बाईवर कडाडल्या, "खाली बस गं! जलम गेला माझा रेघा वढण्यात, आन् पुस्तकात तुझी सासू व्हय?"