काकवीची चिंधी

हे मी अजून कुनाला सांगितलेलं न्हाई. पाळकसायबांना न्हाई, सख्ख्या भावाला न्हाई, आन जिला सगळ्यात आधी सांगायला पायजे हुतं त्या मार्थाला, माझ्या बायकोला, तर न्हाईच न्हाई. आमच्या स्नेहलचे दात माझ्यामुळं गेले.

आमी राहुरीकडचे. वडील गुऱ्हाळावर जाळव्या, म्हंजी चुलानात चिपाडं सारनारे, आन मी तिथंच शिकून गुळव्या झालो, उकळत्या रसाचा गूळ कवा व्हनार ते वळखनारा. काहील, म्हंजी रसाची मोठी कढई, एकदा चढली का हलता येत न्हाई, जरा नजर चुकली तर सगळा रस करपतो. मार्था कांदे खुरपायला जायची, आईचे गुडघे गेलेले, मंग लेकरू कुनी बघायचं, तर मी. आठ महिन्यांची पोरगी, रांगती, आन समोर काहील. काय सांगू तुमाला, एक दिवस ती झोळीतून उतरून काहिलीपासून दोन हातांवर आली हुती. मी झडप घालून उचलली, ती घाबरून रडाया लागली, राहीना. बाजूला डब्यात काकवी हुती, गुळाआधीचा पातळ पाक, गार झालेला. टावेलाची चिंधी फाडली, गाठ मारली, काकवीत बुडवली आन तिच्या तोंडात दिली. गप झाली. चोखत चोखत झोपली.

पयल्या दिवशी दिली ती भीतीनं. पुढं दोन हंगाम दिली ती सोयीनं. मार्थानं बजावलेलं हुतं, तिला गोडाची चटक लावू नका, मंग भाकर खात न्हाई. म्हनून ती यायच्या आत मी चिंधी चुलानात टाकायचो आन पोरीचं तोंड पुसायचो. दाताचं मला ठावं न्हवतं, खरंच न्हवतं, पन लपवायचं हाय एवढं ठावं हुतं. आन बाया म्हनायच्या, बापाच्या हाताला गुण हाय, पोरगी त्याच्यापाशी रडतच न्हाई. मी हसायचो.

दोन वर्सांची झाली तवा वरचे चार दात आधी खडूसारखे पांढरे पडले, मंग तपकिरी, मंग काळे, हिरडीपाशी मोडाया लागले. आई मार्थाला म्हनाली, पोटुशी असताना माती खात हुतीस ना, ती उतरली लेकराच्या दातात. माती ती खायची, हे खरं, डोहाळेच तसे हुते, भाजकी माती पदराच्या गाठीला बांधून हिंडायची. मार्था खाली बघत बसली. मी तिथंच हुतो, चहा पीत.

नगरला दाताच्या डॉक्टरकडं नेली. हिरडीत पू झालेला. डॉक्टरीनबाई म्हनाल्या, मातीचं सोडा, हे गोडानं किडलेले दात दिसतात, झोपताना तोंडात काही गोड देत हुता का? मार्था म्हनाली, न्हाई हो ताई, घरात चहापुरती साखर, गोड कुठलं आनायचं. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हनलो, न्हाई. येस्टीत मार्था म्हनाली, चांगली हाय डॉक्टरीन, माझं मन राखायला बोलली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

ते चार दात काढले. पक्के आले ते वाकडे, वर पिवळे खड्डे. शाळेत पोरं तिला भाजकं कनीस म्हनायची. तेव्हापासून ती हसताना हात तोंडावर धरती, लग्नाच्या फोटोतसुद्धा वठ मिटलेले. मार्थानं दुसरं लेकरू होऊ दिलं न्हाई. माझ्या अंगातच खोट हाय म्हनाली. त्या दिवशी तरी बोलायला पायजे हुतं. अजून ती अंगन सारवताना नाकाला पदर बांधती, मातीचा वास नको म्हनून.

आता स्नेहल सुप्याला कंपनीत पॅकिंगला हाय, जावई पन तिथंच. नातू आठ महिन्यांचा, त्याच्यासाठी आमी दोघं तिच्या खोलीवर राहातो. गेल्या सोमवारी त्याला खालचे दोन दात फुटत हुते, ताप न्हाई, नुसतं रडनं. स्नेहल कामावर निघाली, बूट घालता घालता म्हनती, मम्मी, पप्पांकडं दे त्याला, मी त्यांच्यापाशी कधी रडले न्हाई ना.

मी घेतलं. खांद्यावर घेतलं, गुडघ्यावर घेतलं, दारात हिंडवलं. जास्तच रडाया लागलं, लालबुंद झालं. मार्था म्हनती, काय वं, गेला का हाताचा गुण? राहू द्या, गुळाचं पानी केलंय, बोट बुडवून चाटवते जरा.

मी वरडलो, न्हाई म्हनलं ना. तिच्या हातातली वाटी घेतली आन मोरीत उपडी केली. इतक्या वर्सांत मी तिच्यावर असा वरडलो न्हवतो.

मी म्हनलो, दात येतायत त्याला, गोड नको. तिनं मोरीतली वाटी उचलली. मंग हळू म्हनाली, तुमाला कवापासून कळाया लागलं दातातलं?

मी पोराला घेऊन बाहेर गेलो. आज चार दिवस झाले, ती परत विचारत न्हाई. जेवायला वाढती, पन समोर बसत न्हाई. कायतरी जुळवत बसली हाय मनात, मला दिसतंय.

तुमी परके, म्हनून तुमच्यापुढं तोंड उघडलं. लिवा, पन मी सांगेपर्यंत कुनाला दाखवू नका. मार्थाला वाचता येतं. तिनं हे कागदावर वाचू नये. पोराचे दात निरोगी येऊ देत, आजीच्या मांडीवर ते खदखदून हसू दे, एवढं मी रोज देवाकडं मागतो. माझ्यावरचं देनं मातर देवाचं न्हाई, मार्थाचं हाय. मार्था, माती न्हवती, काकवी हुती, आन ती मी दिली, एवढं तिला तोंडावर सांगायचं राहिलंय. आन मंग स्नेहलला.