गुलाबी गोळी

औषधांच्या दुकानात रांग खोळंबली होती. आजोबांच्या मागे उभ्या असलेल्या शिक्षिकेचा जीव घड्याळात अडकला होता.

"जरा आटपा हो, माझी बस जाईल."

"झालंच, बाई. आजोबा, ती गोळी सध्या येत नाही. ही घ्या. कंपनी दुसरी, पण औषध तेच. डॉक्टरांनाही विचारलंय."

"पण ही पांढरी आहे."

"रंगाचं काय घेऊन बसलात! पोटात गेल्यावर सगळं एकच."

"पोटात जायला तर हवी! आमची ही गुलाबीच घेते. पांढरी थुंकून टाकते."

"मग समजवा की आजींना."

"कोण समजावणार? हल्ली ती मला ओळखत नाही रे. त्या गोळीला तेवढी ओळखते."

दुकानदाराने फोन उचलला.

"दुसऱ्या दुकानांत विचारतो. बाई, तुमची बस..."

"विचारा हो सावकाश. बस काय, मागून दुसरी येते."