आधी वाकायचं

कराटेच्या वर्गाबाहेर, चपलांच्या रॅकजवळच्या बाकावर माझ्या शेजारी दोघीजणी बोलत होत्या. दोघींच्या मुली आत होत्या. एकीच्या अंगात नर्सचा गणवेश होता.

“खरंच उपयोग होतो का हो याचा?”

“कसला उपयोग. माझी तर लाथा कमी मारते, वाकतेच जास्त. कुणाशीही लढायचं तर आधी त्याला वाकून नमस्कार, असा सरांचा नियम आहे.”

“चला, वळण तरी लागतंय.”

“घरी नुसते प्रश्न. परवा विचारते, झोपलेलं असताना कुणी धरलं तर हात कसा सोडवायचा?”

“अगं बाई. किती वर्षांची आहे?”

“नऊ. काल तर कहरच केला. म्हणते, आई, काकाला पण आधी वाकायचं का?”

“कुठल्या काकाला?”

“आमचे भावजी. माझी रात्रपाळी असली की तेच सांभाळतात ना तिला. म्हटलं, वाकायचंच, मोठे आहेत ते.”

“आज रात्रपाळी आहे तुमची?”

“आहे ना. भावजी येतील तिला न्यायला, मी निघतेच आता.”

“जरा बसा.”

“उशीर होतोय हो.”

“बसा खाली. झोपेत कोण धरतं, ते विचारलंत का तिला?”

“कोण धरणार? रात्री घरात ती आणि भावजीच तर…”

वर्ग सुटला. फाटकाशी एक माणूस हसत हात हलवत होता. पांढऱ्या कपड्यातली एक लहानशी मुलगी बाहेर आली, त्याच्यासमोर जाऊन थांबली, पाय जुळवले आणि कमरेतून वाकली.