बाबांचा विचार आणि स्क्रीनचं कुलूप

कोथरूडला दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या मुलीनं वडिलांचा फोन स्पीकरवर घेतला. भूल दिलेल्या गालाला तिला फोन धरवत नव्हता.

“अपूर्वा, मी विचार करायला लागलो की कॉम्प्युटर बंद पडतो.”

“बंद नाही बाबा, स्क्रीन लॉक होते. पासवर्ड टाका.”

“सकाळपासून तोच उद्योग चाललाय. तिकडे बुद्धिबळाचं घड्याळ पळतंय. आज पहिल्यांदाच लेल्यांना मी घाम फोडलाय.”

“सेटिंग्जमध्ये जा. तिथे स्क्रीन लॉकपुढे ‘कधीच नाही’ निवडा.”

“सेटिंग्जमध्ये गेलो की पट दिसत नाही. मग विचार कशाचा करू?”

“मग अधूनमधून माउस हलवत राहा.”

“हात हलला की माझं डोकं चालत नाही. हेमा, जरा इथे बस आणि हा माउस नुसता हलवत राहा. काही दाबू नकोस.”

“मी कुकर लावलाय.”

“लेले हरताहेत.”

“आले.”

फोनमधून कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकू आल्या.

“बाबा, जमलं का?”

“तुझ्या आईनं दाबलं.”

“म्हणजे?”

“घोडा हलला. मी वजीर हलवणार होतो.”

“अरेरे. मग?”

“लेल्यांनी डाव सोडला.”

“म्हणजे तुम्ही जिंकलात की.”

“तसं म्हणता येईल.”

“मग आता निवांतपणे सेटिंग बदलून टाका.”

“अपूर्वा, आई बोलतेय. लेल्यांनी दुसरा डाव मागितलाय. हे माउस परत मागताहेत. मी म्हटलं, तुम्ही आपला विचार करा.”