नारळाच्या पाण्यावर पडलेला गुळव्या

मंडळी, ऐका! प्रश्न एवढाच — ज्या जागी माणूस घसरून पडतो, त्या जागेला आधी काय द्यावं? नवस, की फडकं? हसू नका! आमच्या आख्यानात पाच मंगळवार गेले, तरी उत्तर सापडलं नव्हतं.

एक गुऱ्हाळ होतं. रसाची भलीमोठी काहील, तिच्यावर सोनेरी वाफ, आणि काठाशी सदबा गुळव्या. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, दोन बोटांत गोळी वळायची, मग म्हणायचं — "झाला!" साऱ्या गावाचा गोडवा त्या दोन बोटांवर तोललेला.

काहिलीपाशी रस सांडे. एकदा गुंडा नावाचा गडी घसरला, मनगट मोडलं. आता फरशी पुसावी ना? छे! मालक बळवंतअण्णा म्हणाले, "जागा वाईट आहे." झालं! शेंदूर लागला, दर मंगळवारी तिथंच नारळ फुटू लागला. नारळाचं पाणी कुठं जाईल, मंडळी? — तिथंच! आणि पुसणार कोण? तीर्थ ना ते!

दुसऱ्या मंगळवारी आणखी एक पडला. अण्णांनी खोल विचार केला — आणि नारळ दोन केले.

सदबाची बायको हौसा काहिलीखालच्या चुलाणात उसाची चिपाडं घाली. ती म्हणाली, "अण्णा, फरशी कोरडी करा."

"हौसा, श्रद्धा ठेव गं."

"ठेवते की! पाय कुठं ठेवू, तेवढं सांगा."

पाचव्या मंगळवारी सदबाचा पाय गेला. तोल सावरायला हात टाकला — तो तापल्या काहिलीच्या काठावर! सदबा ओरडला, पाक आपला उकळत राहिला.

महिन्यानं पट्टी सुटली. सदबानं गोळी बोटांत धरली. बराच वेळ धरली. मग हळूच म्हणाला, "हौसे, तू बघ. माझ्या बोटांना काही कळत नाही."

हौसानं गोळी वळली. "झाला," म्हणाली. उठली, चुलाणाबाहेरची थंड राख घमेल्यात भरली, आणि त्या शेंदरी जागेवर ओतली.

"अगं, देव कोपेल!"

"कोपू दे, अण्णा. उभा राहून कोपेल. घसरणार तरी नाही!"

आता तुमच्याकडे येतो. मंडपाच्या दारात पाय धुण्याचं पाणी सांडलंय. तुम्ही सारे त्याला वळसा घालून, देवाला हात जोडत आत आलात. मीही तसाच आलो. म्हाताऱ्या आजी अजून यायच्या आहेत...

मृदंग थांबवा, बुवा. गोणपाट कुठं आहे? आणा इकडे, मी पुसतो. नाम मग घेऊ. देव थांबेल, पडणारा थांबत नाही!